मार्जारमीनांचे रंग आणि गावतळ्याची राखण

मृग नक्षत्राच्या सरी कोसळू लागल्या की पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांतील ओढेनाले भरून वाहू लागतात. भातखाचरांतील पाणी बांध ओलांडून ओढ्याला, ओढ्याचे पाणी नदीला मिळते आणि त्या प्रवाहाच्या उलट दिशेने मासे वर चढू लागतात. कोकणात वलगण म्हणून ओळखला जातो तो हा काळ. या दिवसांत बांबूच्या सापळ्यांत आणि लहान जाळ्यांत जे मासे येतात, त्यांत लांब मिशांचे, बिनखवल्यांचे, गुळगुळीत अंगाचे मासे आवर्जून असतात. मागूर, शिंगी, शिंगटी ही त्यांची परिचित नावे. डहाणू परिसरातील आगरसारख्या किनारी गावांकडे खाडीच्या मचूळ पाण्यात चिवणी हा त्यांचाच भाऊबंद सापडतो.

एकाच सापळ्यातून निघालेले मागूर शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर एक काळाकुट्ट, दुसरा तपकिरी, तिसरा हिरवट छटेचा असे दिसते. शिंगटीच्या अंगावरचे पट्टे एकात ठळक, तर दुसऱ्यात पुसट असतात. घरोघरी काचेच्या पेटीत पाळल्या जाणाऱ्या परदेशी माशांत तर ही विविधता डोळे दिपवणारी आहे. हा फरक कशामुळे पडतो? हे मासे वेगवेगळ्या जातींचे असतात की एकाच जातीचे? वरवर पाहता हा प्रश्न केवळ कुतूहलाचा वाटेल. परंतु गावतळ्यात कोणते बीज सोडावे आणि कोणते सोडू नये, याचा निर्णय ज्यांना घ्यावा लागतो, त्या ग्रामपंचायतींच्या दृष्टीने या प्रश्नाचे उत्तर फार मोलाचे आहे. रंगावरून मासा ओळखण्यात झालेली एक चूक संपूर्ण तळ्याला भोवू शकते.

मार्जारमीन म्हणजे कोण?

तोंडाभोवती मांजरासारख्या मिशा असल्यामुळे या गटाला मराठीत मार्जारमीन असे नाव पडले. जगात त्यांच्या तीन हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे. दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि आशिया या तीन खंडांतील गोडे पाणी हे त्यांचे प्रमुख वसतिस्थान. त्यांच्या अंगावर सर्वसामान्य माशांसारखे खवले नसतात. बहुतेकांची कातडी उघडी व बुळबुळीत असते, तर दक्षिण अमेरिकेतील काही कुळांच्या अंगावर हाडांच्या तबकड्यांचे चिलखत असते. बरेचसे मार्जारमीन रात्री किंवा गढूळ पाण्यात वावरतात. तेथे डोळ्यांचा उपयोग फारसा होत नाही. मिशांवरील रुचिपेशींच्या साहाय्याने ते चिखलातील अन्न शोधतात.

मागूर आणि शिंगी यांना निसर्गाने आणखी एक देणगी दिली आहे. हे दोन्ही मासे पाण्याबाहेरील हवा घेऊ शकतात. मागुराच्या कल्ल्यांच्या वरील पोकळीत झाडाच्या फांद्यांसारखी रचना असते, तर शिंगीच्या पाठीच्या कण्यालगत दोन लांब वायुपिशव्या असतात. म्हणूनच आटत चाललेल्या डबक्यात इतर मासे तडफडून मरतात, तेव्हाही हे दोघे तग धरून राहतात. भातखाचराच्या संस्कृतीशी त्यांचे नाते जुळले ते या गुणामुळेच. पावसाळ्यात पाण्याखाली गेलेल्या खाचरांत मागूर बिळासारखे घरटे करतो आणि नर अंड्यांची राखण करतो.

रंग येतो कोठून?

माशाचा रंग हा भिंतीला लावलेल्या रंगासारखा स्थिर थर नाही. कातडीच्या आत निरनिराळ्या रंगपेशी असतात. काही पेशींत मेलॅनिन या काळ्या-तपकिरी द्रव्याचे सूक्ष्म कण असतात. काहींत पिवळी व तांबडी द्रव्ये असतात. आणखी काही पेशींत ग्वानिनचे स्फटिक असतात आणि त्यांवरून प्रकाश परावर्तित झाल्यामुळे अंगाला चांदीसारखी झळाळी येते. या पेशींचे प्रमाण, त्यांची मांडणी आणि त्यांतील कणांची हालचाल यांतून माशाचे रूप घडते.

काळे कण पेशीच्या मध्यभागी गोळा झाले की मासा फिकट दिसतो. तेच कण पेशीभर पसरले की मासा गडद होतो. ही हालचाल मज्जातंतू आणि संप्रेरके यांच्या आज्ञेने चालते आणि त्या आज्ञेला डोळ्यांत शिरणारा प्रकाश कारणीभूत असतो. काळ्याभोर तळाच्या डोहातील मासा गडद होतो, तर पांढरट वाळूवर किंवा मातकट गढूळ पाण्यात राहणारा मासा फिकट पडतो. हा बदल काही मिनिटांत सुरू होतो. मासा त्याच पाण्यात दीर्घकाळ राहिला तर रंगपेशींची संख्याही त्या परिस्थितीला अनुसरून कमी-अधिक होते आणि बदल अधिक टिकाऊ बनतो.

काळे मेलॅनिन माशाचे शरीर स्वतः तयार करते. पिवळ्या व तांबड्या छटांची बरीचशी द्रव्ये मात्र त्याला अन्नातूनच मिळवावी लागतात. शेवाळ आणि पाण्यातील बारीक कवचधारी जीव हा त्यांचा नैसर्गिक साठा होय. शोभिवंत माशांच्या खाद्यात झेंडूच्या पाकळ्या किंवा गाजर मिसळण्याची रीत रूढ झाली आहे ती याच कारणाने. कोंड्यावर वाढलेला मासा फिका आणि ओढ्यातला मासा तेजस्वी दिसला, तर त्यामागे वंशाचा भेद असेलच असे नाही, आहाराचा भेद असू शकतो.

पट्टे आणि ठिपके यांचे गणित

रंगाच्या पाठोपाठ येते ती नक्षी. पट्टे, ठिपके आणि जाळीदार रेघा यांची आखणी कोण करते? इंग्लंडमधील गणितज्ञ ॲलन ट्यूरिंग यांनी १९५२ साली यावर एक विचार मांडला. एक रासायनिक घटक चेतना देणारा आणि दुसरा तिला आवर घालणारा असेल, आणि दोघे वेगवेगळ्या गतीने पसरत असतील, तर एकसारख्या पृष्ठभागावर आपोआप पट्टे किंवा ठिपके उमटू शकतात, असे त्यांनी गणिताने दाखवले. पुढे १९९५ साली जपानमधील शिगेरू कोंडो आणि त्यांच्या सहकाऱ्याने समुद्रातील एका पट्टेदार माशाचा अभ्यास केला. मासा मोठा होताना त्याचे पट्टे रबरासारखे ताणले जात नाहीत, त्यांच्या मधोमध नवे पट्टे उमटतात, असे त्यांना आढळले. नक्षी जन्मतः कोरलेली नसून ती आयुष्यभर घडत राहते, हे या निरीक्षणाने स्पष्ट झाले.

मार्जारमीनांना हे तत्त्व लावले की पुष्कळशा कोड्यांचा उलगडा होतो. एकाच आईबापांच्या दोन पिलांच्या अंगावर ठिपक्यांची मांडणी तंतोतंत सारखी नसते, जसे दोन माणसांच्या बोटांचे ठसे सारखे नसतात. नक्षीचा सर्वसाधारण घाट वंशाने ठरतो. प्रत्येक ठिपका कोठे पडेल हे मात्र वाढीच्या वेळच्या लहानसहान घडामोडींवर अवलंबून राहते.

वयोमानाप्रमाणे पालट

आपल्याकडील माशांची उदाहरणे घेऊ. शिंगीचे पिलू तांबूस असते. वाढत्या वयाबरोबर ते जांभळट तपकिरी आणि शेवटी जवळजवळ काळे होते. काही माशांच्या दोन्ही बाजूंना फिकट पिवळसर रेघा दिसतात, काहींत त्या मुळीच नसतात. अजाणत्या माणसाला तांबूस पिलू आणि काळी शिंगी हे दोन निराळे मासे वाटल्यास नवल नाही. शिंगी हाताळताना मात्र सावध असावे. तिच्या छातीच्या परांतील काटा विषारी असून त्याचा दंश अतिशय वेदनादायक असतो. दंश झाल्यास तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा आणि वैद्यकीय उपचार घ्यावेत.

पट्टेदार शिंगटीचा देह चांदीसारखा करडा किंवा सोनेरी असतो आणि त्यावर लांबीच्या दिशेने निळसर, तपकिरी किंवा काळे असे साधारणतः पाच पट्टे असतात. खांद्यापाशी बहुधा एक काळसर डाग असतो. या पट्ट्यांची ठळकता वय, पाणी आणि माशाची स्थिती यांप्रमाणे बदलते. घाबरलेला वा आजारी मासा फिकट पडतो. पाण्यातून काढून टोपलीत टाकलेल्या माशाचा रंग तर पाहता पाहता पालटतो. बाजारातील मेलेल्या माशावरून त्याच्या जिवंतपणीच्या रंगाविषयी अनुमान बांधणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

पांढऱ्या मागुराची कथा

कधीकधी जाळ्यात गुलाबी-पांढरा मागूर येतो आणि गावात चर्चेचा विषय होतो. अशा माशाच्या शरीरात मेलॅनिन तयार करणारी यंत्रणा जन्मतःच बंद असते. त्याचे डोळेही लालसर दिसतात, कारण बुबुळावर काळ्या रंगाचे आवरण नसल्याने आतील रक्तवाहिन्यांचा रंग बाहेर दिसतो. हा गुण अप्रभावी स्वरूपाचा असतो. आई आणि बाप हे दोघेही दिसायला काळे, परंतु दोघेही या गुणाचे वाहक असतील, तर त्यांच्या संततीपैकी सरासरी चौथा हिस्सा पांढरा निपजतो. असा मासा ही निराळी जात नसते. काळ्या आणि पांढऱ्या रंगाचे चट्टे असलेले मागूरही शोभिवंत माशांच्या व्यापारात आढळतात.

या पांढऱ्या माशांनी अमेरिकेत एक बोलका धडा घालून दिला. १९६० च्या दशकात थायलंडमधून पांढऱ्या रंगाचे चालणारे मागूर शोभेसाठी फ्लोरिडा राज्यात आणले गेले. त्यांपैकी काही निसटले, काही सोडून दिले गेले. हवेत श्वास घेणारे आणि ओलसर जमिनीवर सरपटत जाणारे हे मासे कालव्यांतून दूरवर पसरले. मात्र काही वर्षांतच तेथील पाण्यात पांढरे मासे दुर्मीळ झाले आणि सर्वत्र काळपट मागूर दिसू लागले. पक्ष्यांना व मोठ्या माशांना पांढरे शरीर सहज दिसत होते, त्यामुळे ते प्रथम बळी पडले. गडद रंगाची संतती मात्र वाचत गेली. काचेच्या पेटीत जो रंग मोलाचा ठरतो तोच उघड्या पाण्यात जिवावर बेततो. आणखी एक गोष्ट यातून शिकण्यासारखी आहे. शोभेचा म्हणून आणलेला मासा पाण्यात सुटला की काही पिढ्यांत तो आपले शोभिवंत रूप टाकतो, पण आपले ठाणे सोडत नाही.

नक्षी एक, कुळे अनेक

एका जातीत अनेक रंग असतात, तसे अनेक जातींत एकच नक्षीही असू शकते. काचपेटीत पाळले जाणारे कोरिडोरस नावाचे चिमुकले चिलखती मार्जारमीन दक्षिण अमेरिकेतील नद्यांत राहतात. एकाच ओढ्यात त्यांच्या दोन-तीन जाती एकत्र फिरतात आणि त्यांच्या अंगावरची नक्षी इतकी सारखी असते की त्या एकाच कळपाच्या वाटतात. २०११ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की त्यांपैकी पुष्कळशा जाती आपापसांत दूरच्या नात्याच्या आहेत. त्यांच्या काट्यांत विष असते. शत्रूने एकदा एकाचा अनुभव घेतला की ती नक्षी असलेल्या सर्वांनाच तो टाळतो. सारखा गणवेश धारण केल्याने सर्वांचेच रक्षण होते.

आफ्रिकेतील कांगो नदीच्या खोऱ्यातील उलटा पोहणारा मार्जारमीन हे आणखी एक नवल. सामान्यतः माशाची पाठ गडद आणि पोट फिकट असते. वरून पाहणाऱ्याला गडद पाठ तळाच्या काळोखात मिसळलेली दिसते आणि खालून पाहणाऱ्याला फिकट पोट आकाशाच्या उजेडात विरून जाते. हा मासा मात्र पोट वर करून पोहतो, म्हणून त्याचे पोट पाठीपेक्षा गडद झाले आहे. रंग आणि जगण्याची रीत यांचा संबंध विद्यार्थ्यांना समजावून देण्यासाठी याहून सोपे उदाहरण शिक्षकांना क्वचितच मिळेल.

महाराष्ट्रातील अभ्यासाची परंपरा

माशांची नावे आणि त्यांचे वर्गीकरण हा विषय आपल्या राज्याला नवा नाही. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनमधील माशांची वर्णने १८३९ साली प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी अनेक जातींना येथील लोकांच्या तोंडची नावेच दिली. शिंगटी हे नाव त्या वेळी विज्ञानात गेले आणि 'मिस्टस सिंगटी' या रूपाने ते आजही वापरात आहे. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालकपद भूषवलेले डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी १९५२ साली कोल्हापूरकडील एका मार्जारमीनाचे वर्णन केले आणि त्याला 'खवलचोर' हे नाव दिले. दुसऱ्या माशांचे खवले कुरतडून खाणाऱ्या त्या माशाचा स्वभावच कोळ्यांच्या या शब्दात सामावला आहे.

या नावांकडे बारकाईने पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. शिंगटी, शिंगी ही नावे काट्यांवरून पडली आहेत. खवलचोर हे नाव सवयीवरून पडले आहे. पाण्याशी रोजचा संबंध असलेल्या माणसाने माशाला नाव देताना रंगापेक्षा अवयव आणि वर्तन यांवर भर दिला. आधुनिक वर्गीकरणशास्त्राचा आग्रहही तोच आहे. परांतील काट्यांची संख्या, मिशांची लांबी, कवटीच्या हाडांची ठेवण ही लक्षणे रंगाइतकी चंचल नसतात.

देशी मागूर आणि आफ्रिकी मागूर

हे सर्व विवेचन आता आपल्या गावतळ्यापाशी येऊन पोहोचते. देशी मागूर आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदवला गेला आहे. पाणथळ जागा बुजणे, शेतीतील विषारी औषधे आणि अनिर्बंध मासेमारी यांच्या जोडीला त्याच्यासमोर एक परका प्रतिस्पर्धी उभा आहे. तो म्हणजे आफ्रिकी मागूर, ज्याला बाजारात थाई मागूर असेही म्हणतात. १९९० च्या दशकात तो बांगलादेशमार्गे भारतात शिरला. झपाट्याने वाढणारा, जवळजवळ काहीही खाणारा आणि घाण पाण्यातही टिकणारा हा मासा आकाराने दीड मीटरच्याही पुढे जाऊ शकतो. देशी मागूर सामान्यतः एक-दीड फुटापलीकडे जात नाही. आफ्रिकी मागूर लहान माशांवर तुटून पडतो. अनेक ठिकाणी त्याला कत्तलखान्यातील टाकाऊ मांस घालून वाढवले गेल्याने पाण्याचे प्रदूषणही झाले. म्हणून केंद्र शासनाने २००० साली त्याच्या संवर्धनावर बंदी घातली आणि २०१९ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने राज्यांना त्याच्या बेकायदेशीर संवर्धनाविरुद्ध कारवाई करण्याचे निर्देश दिले.

बंदी असूनही हा मासा चोरट्या मार्गाने तळ्यांत येतो, आणि तेथेच रंगाचा घोटाळा आड येतो. आफ्रिकी मागुराच्या करड्या वा हिरवट पाठीवर संगमरवरासारखे गडद चट्टे असतात, असे सर्वत्र सांगितले जाते. ते खरे आहे. परंतु हाच मासा उजेडात फिकट होतो, काळ्या टाकीत गडद होतो आणि ताणाखाली त्याच्या अंगावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची चित्रविचित्र नक्षी उमटते. बोटभर पिलांत तर चट्टे पुरेसे स्पष्ट नसतात. थायलंडमध्ये आफ्रिकी मागुराचा तेथील स्थानिक मागुराशी संकर करून मोठ्या प्रमाणावर संवर्धन होते आणि अशा संकरित माशात दोन्हींची लक्षणे मिसळतात. 'चट्टे नाहीत, म्हणजे देशी मागूर' हे बीजविक्रेत्याचे आश्वासन पुरेसे मानता येत नाही ते यामुळे.

मग ओळख कशी पटवावी? मासा ओल्या फडक्याने धरून डोक्याच्या वरची बाजू पाहावी. कवटीचे मागचे टोक देशी मागुरात एका निमुळत्या कोनासारखे असते. आफ्रिकी मागुरात ते रुंद असून त्याची कडा 'एम' या इंग्रजी अक्षरासारखी दिसते. आफ्रिकी मागुराचे डोके मोठे व चपटे असते. मोठ्या आफ्रिकी मागुराच्या डोक्याच्या खालच्या बाजूस दोन्हीकडे गडद पट्टा असतो, लहानांत तो नसतो. हाती धरल्यावर तो फार आक्रमकपणे उसळतो, त्या मानाने देशी मागूर शांत असतो. यांपैकी एकाच खुणेवर न विसंबता सर्व खुणा एकत्र पाहाव्यात आणि रंग हा केवळ एक दुय्यम साक्षीदार समजावा. शंका राहिल्यास जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडून खात्री करून घ्यावी.

काचपेटीतून निसटलेला पाहुणा

दुसरा धोका शोभिवंत माशांच्या दुकानातून येतो. काच साफ करणारा म्हणून विकला जाणारा सकर मासा दक्षिण अमेरिकेतील आहे. विकत घेताना तो बोटाएवढा असतो, परंतु वाढत वाढत फूट-दीड फुटाचा होतो. मग पेटी अपुरी पडते आणि त्याचा जीव वाचवण्याच्या सद्भावनेने मालक त्याला जवळच्या तळ्यात सोडून देतो. केरळ, पश्चिम बंगाल, उत्तर प्रदेश यांसारख्या राज्यांतील पाण्यांत त्याचे अस्तित्व नोंदवले गेले आहे आणि आपल्या उजनी जलाशयातही तो सापडल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून आल्या आहेत. त्याच्या चिलखतामुळे इतर मासे त्याला सहज खाऊ शकत नाहीत. त्याच्या काटेरी परांनी कोळ्यांची जाळी फाटतात. विणीच्या काळात तो काठाच्या मातीत खोल बिळे करतो, त्यामुळे बांध खचण्याची भीती असते. त्याला बाजारात भावही मिळत नाही.

या माशांतही नक्षीचे वैविध्य विलक्षण आहे. अंगावरील रंग फसवा असल्याने अभ्यासक त्यांच्या पोटावरची नक्षी पाहतात. एका जातीच्या पोटावर बिबट्यासारखे सुटे ठिपके असतात, दुसऱ्या जातीत ते एकमेकांत मिसळून वळणावळणाच्या रेघा होतात. आशियात सुटलेल्या माशांत या दोन्हींच्या मधल्या असंख्य पायऱ्या आढळतात. निरनिराळ्या जातींचा तेथे संकर झाला असावा, असे अनेक संशोधकांचे मत आहे. पोटावर ठिपके असोत वा रेघा, ग्रामस्थांसाठी निष्कर्ष एकच. पाठीवर चिलखत आणि खालच्या बाजूस चोषकासारखे तोंड असलेला मासा गावच्या पाण्यात दिसला तर तो परका समजावा आणि पुन्हा पाण्यात सोडू नये.

ग्रामसभा आणि शाळा यांची कामगिरी

डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रांतील लहान जलसाठ्यांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवले आहे आणि राज्य शासनाने २०१४ साली त्यासंबंधीचे नियम लागू केले. जवळच वरोळी नदीवरील कुर्झे आणि सूर्या नदीवरील धामणी ही मोठी धरणे आहेत. गावतळ्यातून निसटलेला मासा पावसाळ्यातील एका पुरात ओढ्याला आणि तेथून नदीला मिळू शकतो. वलगणीची वाट दुहेरी आहे, हे विसरून चालणार नाही. एका गावाने केलेली हयगय अशा रीतीने संपूर्ण खोऱ्याला भोगावी लागते. तसेच एका गावाने दाखवलेली दक्षता संपूर्ण खोऱ्याच्या उपयोगी पडते.

यासाठी खर्चिक उपायांची गरज नाही. मत्स्यबीज शासकीय किंवा मान्यताप्राप्त केंद्रातूनच घ्यावे. ते तळ्यात सोडण्यापूर्वी पांढऱ्या घमेल्यात ओतून जाणकार माणसाकडून तपासून घ्यावे. तळ्याच्या सांडव्याला बारीक जाळी बसवावी. काचपेटीतील कोणताही मासा तळ्यात, विहिरीत किंवा ओढ्यात सोडू नये, असा ठराव ग्रामसभेने करावा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेखाली २०२० पासून शोभिवंत मत्स्यपालनाला अर्थसाहाय्य मिळू लागले. महिला बचत गटांनी या व्यवसायाकडे वळताना पेटीतील पाणी आणि गावचे पाणी यांची गल्लत होणार नाही, याची काळजी घेतली, तर उत्पन्न आणि निसर्ग या दोहोंचे हित साधेल.

जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. या नोंदवहीत माशांची नुसती नावे लिहून थांबू नये. मासा कोणत्या महिन्यात, कोणत्या पाण्यात मिळाला, त्याची लांबी किती, पाणी गढूळ होते की स्वच्छ, अंगावरची नक्षी कशी होती आणि स्थानिक नाव काय, इतके नोंदवले तरी काही वर्षांत मौल्यवान संग्रह तयार होईल. वयोवृद्ध आदिवासी बांधवांना ओढ्यातील माशांचे जे ज्ञान आहे, ते कोणत्याही ग्रंथात नाही. त्यांच्या हयातीतच ते कागदावर उतरले पाहिजे.

शिक्षकांना एक सोपा प्रयोग करता येईल. एका पांढऱ्या आणि एका काळ्या तळाच्या भांड्यात ओढ्याचे पाणी घेऊन प्रत्येकात एक-एक लहान स्थानिक मासा तासाभरासाठी ठेवावा. मग दोन्ही मासे शेजारी आणून रंगातील फरक मुलांना दाखवावा आणि भांडी बदलून पुन्हा निरीक्षण करावे. काटे असलेले मासे मुलांनी हाती धरू नयेत. प्रयोग संपल्यावर मासे ज्या ओढ्यातून आणले त्याच ओढ्यात परत सोडावेत. रंग ही परिस्थितीची नोंद आहे, ही गोष्ट पाठ्यपुस्तकातील दहा ओळींपेक्षा या एका प्रयोगाने मुलांच्या मनावर अधिक ठसेल.

मार्जारमीनाचा रंग त्याचे वय, त्याचे अन्न, त्याचे पाणी, त्याची भीती आणि त्याचा वंश अशा अनेक गोष्टी एकाच वेळी सांगत असतो. त्या वाचता आल्या तर तो रंग आपला मार्गदर्शक ठरतो. वरवर पाहिला तर तोच रंग फसवतो. येत्या पावसात ओढे वाहू लागतील, तेव्हा तळ्यात जाणारे बीज आणि सापळ्यात येणारा मासा या दोहोंकडे ग्रामस्थांनी थोडे थांबून पाहावे. पिढ्यान्‌पिढ्या भातखाचरात नांदत आलेला देशी मागूर पुढील पिढीलाही तेथेच भेटावा, यासाठी एवढी दक्षता पुरेशी आहे आणि ती घेणे प्रत्येक गावाच्या हाती आहे.